अर्ध्यात गेलेली लाईट

मी चौथी शिकलेली, पण लेकीचा लॅपटॉप माझ्यामुळंच वाचला, विचारा तिला. कॉलेजचा प्रोजेक्ट त्यातच होता आणि परवा द्यायचा होता. लॅपटॉप सुरूच होईना, म्हणून शहापूरचा मेकॅनिक शेणव्याला आमच्या घरी येऊन त्यात नवी सिस्टीम टाकत होता. बॅटरी मेलेली, सगळं वायरवर. दोनदा अर्ध्यात लाईट गेली, तसा म्हणाला, "काकू, हा गेला. नवा घ्या."

"किती वेळ लागतो रे?"

"सलग दोन तास."

"मग उचल. भातसानगरला माझी नणंद राहते. धरणाच्या कॉलनीत लाईट जात नाय."

तिथं एका दमात झालं. प्रोजेक्टही जागेवर होता.

"काकू, कॉम्प्युटर कुठं शिकलात?"

"पिठाची गिरणी आहे माझी. लाईट गेली तर दळण थांबतं रे, मी गिरणी भंगारात नाय घालत."