दहा वर्षं टिकेल असा गिअरबॉक्स

मिस्त्री : आधी वास घ्या.

जावई : कसला?

मिस्त्री : तेलाचा. या डब्यात तुमच्याच गाडीचं काढून ठेवलंय. घ्या की, नव्या नवरीसारखे लाजताय काय!

जावई : जळकट येतोय.

मिस्त्री : जळकट येणारच, जळलंयच ते. गिअरबॉक्सचं तेल लालभडक असतं, हे बघा कसं काळंकुट्ट झालंय. आणि आठ महिन्यांत दुसऱ्यांदा. जावईबापू, तुमच्या सासऱ्यांनी, आमच्या दादांनी, या गाडीमागे सहा वर्षं बोटी ओढल्या. कारखान्यातून उचलायच्या, घाट चढायचा, पलीकडच्या तलावावर उतरवायच्या. एकदासुद्धा गाडीनं हूं की चूं केलं नाही.

जावई : हल्ली बोटी मोठ्या झाल्यात.

मिस्त्री : झाल्यात, कोण नाही म्हणतंय? म्हणून तर दादांनी एवढं सामान मागवलं. इकडे या, दाखवतो. ही क्लच प्लेटांची चळत. आधीपेक्षा जाड, आणि दोन जास्त. हा टॉर्क कन्व्हर्टर, इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारा, आधीच्यापेक्षा दणकट. खाली बसवायला हा खोल ट्रे, म्हणजे तेल जास्त मावेल. आणि पुढच्या जाळीमागे हा कूलर, तेल गार ठेवायला. एकदा हे बसलं की मागे घर जोडा, घर ओढेल.

जावई : किती दिवस चालेल?

मिस्त्री : दिवस? दहा वर्षं पाना लावायला नको.

जावई : दहा वर्षं.

मिस्त्री : अहो, तोंड असं काय केलंत? हे ऐकून लोक माझी पाठ थोपटतात.

जावई : मिस्त्री, एक विचारू? ही गाडी आता एवढं ओझं ओढायच्या लायकीची राहिली नाही, असं तुम्ही मामांना सांगितलंत तर? तुमचा शब्द मानतात ते. म्हणावं, खालचा सांगाडाच कमजोर झालाय.

मिस्त्री : सांगाडा खणखणीत आहे. मी कशाला खोटं बोलू? बसा त्या टायरवर. मला एवढंच सांगा, तुमच्या स्टिअरिंगजवळ ते बटण आहे ना, ओझं ओढतानाचं, ते कशाला असतं?

जावई : मागे वजन जोडलं की दाबायचं. मग चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये टिकून राहते. सारखा गिअर वरखाली करत नाही, तेल तापत नाही. उतारावर वेग आवरायलाही मदत होते.

मिस्त्री : वा! पाढ्यासारखं पाठ आहे की. मग आता ऐका. काल मी गाडीला कॉम्प्युटर लावला. या गाड्या सगळं पोटात लिहून ठेवतात, आपल्या बायकांसारखं. कारखान्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत बटण चालू. चढ लागला की बंद. घाटमाथा आला की पुन्हा चालू, पार तलावापर्यंत. एकदा नाही, दर खेपेला हेच. विसरणारा माणूस कुठंही विसरतो हो. नेमका चढावरच विसरणारा मी अजून पाहिला नाही.

जावई : मामांना सांगितलंत?

मिस्त्री : अजून नाही.

जावई : उतारावर मी कधीच बंद ठेवलं नाही. उतारावर समोरून माणसं येतात.

मिस्त्री : म्हणजे माणसं सांभाळायची आणि गिअरबॉक्स जाळायचा. बरा हिशोब आहे! पण का? दादांनी तुमचं काय घोडं मारलंय?

जावई : काहीच नाही. तीच तर पंचाईत आहे.

मिस्त्री : नीट बोला.

जावई : दीड वर्ष मी इथं येतोय. माझं नाव काय आहे, सांगा बरं.

मिस्त्री : नाव... अं... आता असं अचानक विचारल्यावर... जावईबापू म्हणूनच चाललंय ना आपलं!

जावई : कारखान्यातही जावईबापू, तलावावरही जावईबापू. माझ्या जेवणाच्या डब्यावरसुद्धा सासूबाईंनी तेच कोरून घेतलंय. मी पोहायला शिकवायचो, मिस्त्री. पाण्याला घाबरणारी मुलं माझ्याकडे पाठवायचे. काठ धरून रडणारं पोर तीन आठवड्यांत एकटं पलीकडे जायचं. तो पोहण्याचा तलाव दुरुस्तीला बंद झाला आणि त्याच महिन्यात मामांची कंबर गेली. ते म्हणाले, "महिनाभर सांभाळा, जावईबापू." आम्ही दोघं दोन बॅगा घेऊन त्यांच्याकडे राहायला आलो. त्या बॅगा अजून कपाटावर आहेत. एक तर अजून उघडलेलीसुद्धा नाही.

मिस्त्री : मग सांगून टाकायचं. दादा काय खातात की काय तुम्हाला?

जावई : ओरडले असते ना, तर पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं. ते ओरडत नाहीत. मी घरात शिरलो की टीव्हीचा रिमोट माझ्या हातात देतात. रात्री उशीर झाला तर माझ्यासाठी जेवायचे थांबतात, कंबर दुखत असली तरी खुर्चीत बसून. शेजाऱ्यांना सांगतात, मला मुलगा नाही असं कोण म्हणतं? आता अशा माणसाला कुठल्या तोंडानं सांगू, की मला तुमची गाडी नको?

मिस्त्री : म्हणून गाडीच मारायची.

जावई : वाटलं, गाडी गेली की विषय मिटेल. कोणी कोणाला दुखावायला नको.

मिस्त्री : धन्य आहे तुमची! दोनदा जाळलात आणि मिळालं काय? न जळणारा गिअरबॉक्स. अजून एकदा जाळला असतात तर दादांनी रणगाडा आणला असता.

जावई : हसा. हसण्यासारखंच आहे. तलाव परत सुरू होतोय. त्यांनी मला बोलावलंय. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचंय, नाहीतर दुसऱ्याला घेणार. म्हणून म्हणतो, तेवढं सांगाड्याचं...

मिस्त्री : सांगाड्याचं नाव काढू नका.

जावई : मग निदान त्या जळलेल्या प्लेटा तरी दाखवू नका त्यांना. बघितल्या की त्यांना सगळं कळेल.

मिस्त्री : इथंच तर गोची आहे. काढलेला माल मी ताटात मांडतो; मालकानं हातात घेऊन पाहिल्याशिवाय मी भंगारात टाकत नाही. पंचवीस वर्षं हीच रीत आहे, म्हणून तर लोक डोळे मिटून गाड्या सोडतात माझ्याकडे. आज तुमच्यासाठी मोडली, तर उद्या दादाच विचारतील, मिस्त्री, ताट कुठंय? मी तोंडानं काही बोलणार नाही, एवढा शब्द देतो. पण ताट पुढे ठेवणार. आणि घ्या, रिक्षा थांबली दारात. शंभर वर्षं आयुष्य आहे त्यांना.

(सासरे कमरेला पट्टा बांधून, काठी टेकत आत येतात. जावई टायरवरून उठतो.)

सासरे : बसा, बसा जावईबापू, उठताय कशाला? चहा घेतलात का? नसेल घेतला. मिस्त्री, तुझ्याकडे माणसाला चहा विचारायची पद्धत आहे की नाही?

मिस्त्री : सांगितलाय, येतोय. तुम्ही कशाला आलात दादा एवढ्या लांब? डॉक्टरांनी हलायचं नाही म्हटलंय ना?

सासरे : डॉक्टरांचं काय जातंय! हे सामान बघितल्याशिवाय राहवेना. वा, वा, वा. काय कूलर आहे! जावईबापू, हात लावून बघा. मी चालवत होतो तेव्हा हे असतं, तर मी विमान ओढलं असतं. तुमच्यासाठी मुद्दाम चांगल्यातलं मागवलं. म्हटलं, त्यांना वाटेत ताप नको. आवडलं ना?

जावई : चांगलं आहे, मामा.

सासरे : चांगलंच आहे. बरं, ताट आण मिस्त्री. काय निघालं आतून?

मिस्त्री : हे घ्या.

सासरे : अरे अरे अरे. पार निळ्या पडल्या. ही तर कागदासारखी झाली. मिस्त्री, हे नुसत्या वजनानं होत नाही.

मिस्त्री : मी काही बोललोय का?

सासरे : हे चढावर झालंय. सबंध चढ बटण न दाबता चढवलाय. हो ना, जावईबापू?

जावई : हो.

सासरे : पहिल्या वेळेलाही?

जावई : हो, मामा.

सासरे : चुकलं. साफ चुकलं.

जावई : मी सांगणार होतो...

सासरे : माझं चुकलं म्हणतोय मी! तुम्ही काय करणार? पोहण्यातला माणूस तुम्ही. हातात किल्ली दिली आणि म्हटलं जा. धड एक खेपसुद्धा शेजारी बसून शिकवलं नाही, आणि वर दोन वेळा मनात म्हटलं, जावयाचा हात जड आहे. शरम वाटते मला. ते काही नाही, परवाच्या खेपेपासून मी शेजारी बसणार. कमरेला पट्टा आहे, सीटवर उशी घेईन. घाटातलं एकेक वळण शिकवतो तुम्हाला. सहा महिन्यांत तुम्ही असे तयार व्हाल, की कारखानेवाले माझं नाव विसरतील. मिस्त्री, तुला काय वाटतं?

मिस्त्री : मला काय वाटायचंय? मी पाना धरणारा माणूस. जावईबापूंना काही वाटतंय का ते विचारा.

सासरे : त्यांना काय वाटणार? ते कधी नाही म्हणालेत का कशाला?

जावई : मामा.

सासरे : बोला.

जावई : मला गाडी चालवता येते.

सासरे : येते हो, येते. मी कुठं नाही म्हणतोय? थोडं घाटाचं...

जावई : घाटाचंही येतं. बटण कुठं दाबायचं, कधी दाबायचं, सगळं येतं. चढ लागला की मी हातानं बंद करायचो ते. दर वेळेला.

सासरे : हातानं?

जावई : मुद्दाम.

सासरे : मिस्त्री, हे खरं आहे?

मिस्त्री : आहे, दादा.

सासरे : का पण? मी काही कमी केलं तुम्हाला?

जावई : नाही. म्हणून तर बोलता आलं नाही. मला बोटी ओढायच्या नाहीत, मामा. महिनाभर म्हणून आलो होतो, दीड वर्ष झालं. तलाव सुरू होतोय, मला परत शिकवायला जायचंय.

सासरे : हे पोरीला माहीत आहे?

जावई : रोज सकाळी विचारते, आज बोलणार ना? रोज संध्याकाळी माझ्या तोंडाकडे बघते आणि भांडी घासायला जाते.

सासरे : माझ्याच घरात. मी तिकडे खुर्चीत बसून बातम्या बघतोय आणि इकडे हे चाललंय. बरं. ठीक आहे. तुम्ही जा तुमच्या तलावावर. मी चालवतो गाडी.

जावई : तुम्हाला तासभर बसायची बंदी आहे.

सासरे : बंदी मोडता येते.

जावई : परत ऑपरेशन झालं तर चालणंही बंद होईल. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. बघा मामा, हेच. मी नाही म्हणालो की तुम्ही कंबर मोडून घेणार. मग मी पुन्हा किल्ली उचलणार. मला यातून बाहेर पडायला दारच नाही.

सासरे : मी काही तुम्हाला कोंडायला म्हणून...

जावई : माहीत आहे मला. तुम्ही फक्त प्रेमच केलंत.

मिस्त्री : चहा आला. घ्या दादा. बसून घ्या.

सासरे : उभ्यानंच बरा. मला ना, हे काम फार आवडायचं, मिस्त्री. मागे एवढी मोठी बोट, पहाटेचा घाट, वर पोचलं की खाली सगळा तलाव दिसायचा. मला वाटलं, हे कोणाला आवडणार नाही? विचारायचं डोक्यातच आलं नाही.

जावई : परवाची खेप मी नेतो, मामा. ठरलेल्या आहेत तेवढ्या सगळ्या नेतो. नीट नेतो.

सासरे : आणि त्यानंतरच्या?

जावई : नाही.

सासरे : पहिल्यांदा ऐकला तुमच्या तोंडून हा शब्द. ऐकायला बरा नाही वाटत. पण ऐकला. तलाववाल्यांना कधी कळवायचंय?

जावई : आज. संध्याकाळपर्यंत.

सासरे : मग फोन करा. इथून नको, बाहेर जाऊन करा. माझ्या तोंडाकडे बघत केलात, तर परत काहीतरी भलतंच कबूल करून बसाल.

मिस्त्री : गेले. खरंच गेले हो. दादा, तुम्ही बरे आहात ना? खुर्ची देऊ?

सासरे : नको.

मिस्त्री : मग या सामानाचं काय करायचं? अजून खोकी फोडलेली नाहीत, परत घेतील ते. की बसवू?

सासरे : बसव. गिअरबॉक्स नसलेली गाडी विकत कोण घेईल?