रविवारच्या खणातले चाकू

आई : तेलाची बाटली ठेव खाली. आधी सांग, हा चाकू कुणाचा?

लेक : बाबांचा. हे काय विचारणं झालं?

आई : विचारणं म्हणजे विचारणं. वर्षभर कमरेच्या बटव्यात घेऊन फिरले, तरी विचारते. कुणाचा?

लेक : बाबांचाच ग. दवाखान्यातून कपडे आणले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून मीच काढला आणि तुझ्या हातात दिला.

आई : खिशातून काढलास, एवढं खरं.

लेक : मग झालं तर.

आई : झालं कसं? आज म्हटलं, चाकूंच्या कपाटाची किल्ली तुझ्या स्वाधीन करायची, तर आधी सगळ्यांचे सांधे तेल घालून मोकळे करावेत. गंजके चाकू लेकीला दिले असं नको व्हायला. सगळे उघडले, पुसले, मिटले. राहता राहिला हा.

लेक : मी केव्हाची सांगत होते, सांधा गंजेल. तूच हात लावू देत नव्हतीस.

आई : कशी देणार? या घरात ज्यानं चाकू उघडला त्यानंच तो मिटायचा, माझ्या बापापासूनची रीत आहे. हा त्यांनी मिटलेला. म्हटलं, माणूस गेलं, निदान त्यांच्या हातचं मिटलेलं तरी राहू दे. बोलायचे मी याच्याशी. दात काढू नकोस.

लेक : कुठे काढले? माझं तोंड बघ तरी.

आई : बघतेय, उतरलंय. आता तू हे पातं बघ.

लेक : पातं... चांगलं आहे की.

आई : चांगलं आहे! तेच तर म्हणते मी. तुझ्या बापाचं पातं धार लावून लावून दातकोरण्याएवढं उरलं होतं. सफरचंद सोलायला बसले की मी म्हणायची, अहो, जपून, सफरचंदाआधी चाकू संपेल. आणि हे बघ, बाळंतिणीसारखं भरलेलं. टोक बघितलंस?

लेक : टोकाचं काय?

आई : मोडून पुन्हा घासलंय. रंगाचा डबा उघडायला चाकू कुणी घातला होता ग? आणि माझी पाच बोटं गालावर कुणी मिरवली होती? तुझ्या दादानंच ना?

लेक : आई, माझं ऐक...

आई : जोडी आणली होती त्यांनी. एक स्वतःला, एक थोरल्याला मिसरूड फुटलं तेव्हा. तीच शिंगाची मूठ, तीच पितळी टोपी. नाही म्हणायला मूठ मला जरा जाड लागायची. वाटलं, नवरा गेल्यावर माझीच बोटं वाळली असतील. अशी मी शहाणी!

लेक : काकांना बोलावते. बाहेरच बसलेत.

आई : बोलव. चोराला साथीदार हवाच. ओ भावजी! या आत. पेपरात काही नाही, बातमी इथं आहे.

दीर : काय वहिनी, चहा झाला का?

आई : चहा नाही, चाकू झाला. ओळखा बरं.

दीर : हा? हा आमच्या भाऊचा.

आई : पाठांतर चोख आहे दोघांचं. मास्तर एकच दिसतोय.

लेक : काका, तिनं उघडलाय तो.

दीर : अरे देवा.

आई : देवाला मधे घेऊ नका, त्याला बिचाऱ्याला तुमच्या उचापती ठाऊक नाहीत. थोरल्याचा चाकू माझ्या नवऱ्याच्या खिशात कसा गेला?

लेक : बदलाबदल झाली. दवाखान्यात. दादा आला होता.

आई : थापा मारू नकोस. मी उशाशी बसून होते. परिचारिका हाकलायच्या तरी हलले नाही.

लेक : तू आंघोळीला घरी आली होतीस तेव्हा.

आई : आदल्या दिवशी?

लेक : हो.

आई : ते म्हणाले होते मला, 'जा, आंघोळ कर, घटकाभर पाठ टेक, मला आज बरं वाटतंय.' अख्ख्या संसारात एवढं मऊ बोलले नव्हते. मी शेजारणीला सांगितलं, बहिणींना सांगितलं. म्हटलं, बघा, जाताजाता माझ्या पाठीची आठवण झाली त्यांना.

दीर : वहिनी, भाऊला तुमची काळजी होतीच की हो.

आई : तुम्ही थांबा. काळजी नव्हती ती. मला उठवलं त्यांनी, त्याला बसायला जागा करायला.

(आई चाकू उघडते, मिटते, पुन्हा उघडते.)

लेक : बाबांनी खिशातला चाकू काढून दादाच्या हातात दिला. मग दादानं स्वतःचा त्यांच्या खिशात ठेवला. बाबाच म्हणाले, तुझ्या आईला खिसा रिकामा दिसायला नको.

आई : वा! खिशाची केवढी चिंता. आणि तू उभी होतीस तिथं.

लेक : दाराशी. तू येतेस का ते बघत.

आई : पहाऱ्याला! पोटची पोर पहाऱ्याला. वर्षभर माझ्या ताटात जेवतेस आणि रोज विचारतेस, आई, बाबांचा चाकू घेतलास ना बरोबर?

लेक : बाबांनी शपथ घातली होती ग.

आई : शपथ घालणारा गेला. मी होते ना जिवंत तुझ्यासमोर? एवढंच सांगायचं होतंस, आई, हा चाकू धरून रडू नकोस, हा त्यांचा नाही. वर्षभर मी याला हातात धरून थोरल्याच्या नावानं बोटं मोडत होते. त्याच्याच चाकूला त्याच्या चुगल्या सांगत होते!

दीर : आता झालं गेलं सोडून द्या.

आई : कसं सोडू? माझ्या बापाचा शिसवी मुठीचा चाकू त्यानं कशात घालवला? फटफटीत! मला न विचारता कपाटातून काढला, कुणाला देऊन आला आणि दारात ते धूड उभं करून हॉर्न वाजवत बसला, आई, बाहेर ये, गंमत बघ. त्या दिवशी याच टेबलाशी मी म्हटलं, आजपासून याचं तोंड कुणी बघायचं नाही. तुमचे भाऊ काय म्हणाले तेव्हा?

दीर : 'तू म्हणशील तसं.'

आई : सगळ्यांदेखत! मला वाटलं, केवढा हा नवरा, पोराची माया गिळून माझ्या बाजूला उभा राहिला. आणि मरायच्या आदल्या दिवशी एकदा...

दीर : एकदाच कुठे वहिनी. लपवून तरी आता काय करायचंय? भेटायचेच ते.

लेक : काका, गप्प बसा ना.

आई : बसायचं नाही गप्प. कुठे भेटायचे?

दीर : जुन्या बाजारात.

आई : जुन्या बाजारात ते चाकू बघायला जायचे. दर रविवारी. तुम्हाला घेऊन.

दीर : हो. मला घेऊन.

आई : पाऊस असो, ताप असो, रविवार चुकवला नाही त्यांनी. मी म्हणायची, चाकूचा नाद लागावा तर असा. डबा करून द्यायची. दोघांपुरता.

लेक : तिघं खायचे तो, आई.

आई : तुला काय ठाऊक?

लेक : मी जायचे कधीकधी. मैत्रिणीकडे जाते सांगून.

आई : मैत्रीण! फटफटीवाली मैत्रीण. म्हणजे घरात मी एकटीच होते म्हणायची. बाकी सगळं घर बाजारात.

दीर : तसं नका हो मनाला लावून घेऊ. भाऊ तुम्हाला विसरला का कधी? हात हलवत परत आला कधी? प्रत्येक खेपेला तुमच्यासाठी चाकू आणलाच ना?

आई : आणला. खोटं कशाला बोलू. तो काळ्या मुठीचा नावाड्याचा, तो बाकदार, माळी कलमं करतात तसला, ते दोन पात्यांचं चिमुकलं. मी त्यांना वेगळा खण केला. येईल त्याला उघडून दाखवायचे, बघा आमच्या ह्यांची नजर! ढिगातून कसा नेमका उचलला.

दीर : नजर पोराची हो वहिनी. भाऊला कुठलं एवढं कळायला!

आई : काय म्हणालात?

लेक : झालं! आता तुम्हीच निस्तरा, काका.

दीर : निस्तरतो. भाऊ टपरीवर चहा पीत बसायचा. थोरला सगळा बाजार पालथा घालायचा, पथाऱ्यांपुढं उकिडवा बसून एकेक पातं नखावर घासून बघायचा. तुम्ही बघता ना, तस्संच. मग आणून भाऊच्या पुढ्यात ठेवायचा, हा ने, आई खूश होईल.

आई : आणि ते घरी येऊन मला सांगायचे, दिसला आणि तुझी आठवण झाली.

दीर : हो, म्हणजे... तसंच सांगावं लागणार ना.

आई : घरात चाकूंनी भरलेलं कपाट, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा गळा केसानं कापलात. तुझा बाप वर्षापूर्वी गेला ग. माझा नवरा आत्ता गेला, या टेबलावर.

लेक : असं नको बोलू, आई.

आई : हसायचे का दोघं?

लेक : कशाला?

आई : मला. म्हातारीला पुन्हा फसवलं म्हणून.

लेक : नाही ग. भांडायचे उलट. बाबा म्हणायचे चकचकीत घे, दादा म्हणायचा, आईला चकचकीत आवडत नाही, जरा वापरलेला, कुणाच्या तरी हातातून आलेला आवडतो.

आई : माझी आवड त्यानं सांगायचं कारण नाही. माझ्या बापाचा विकताना कुठे गेली होती ही अक्कल? हा त्याचा चाकू घे. नेऊन दे त्याला, आणि माझ्या नवऱ्याचा परत आण.

लेक : नाही देणार तो. एकदा मी विचारलं होतं. म्हणाला, बाबांनी दिलेला आहे, परत हवा असेल तर आईनं येऊन मागावा.

आई : मी जावं? त्याच्या दारात? सिंहासन मांडून बसलाय का तो?

दीर : दुकान मांडून बसलाय. धार लावून देतो, जुने चाकू दुरुस्त करतो. फटफटी केव्हाच मोडीत गेली.

आई : जाणारच होती. चाकू खाऊन आलेली ती. आणि भावजी, यापुढं माझ्या घरचा डबा तुम्हाला नाही.

दीर : बरं.

लेक : आई, कपाटाची किल्ली?

आई : माझ्या कमरेला शोभते ती. तुला अजून पहाऱ्याचंच काम जमतंय. तो खालचा खण ओढ बाहेर. रविवारचा. ओत सगळे टेबलावर.

लेक : काय करणार आहेस?

आई : त्यानं निवडलेले वेगळे काढणार आणि भंगारात घालणार. माझ्या बापाच्या चाकूंशेजारी ते नकोत.

दीर : सगळेच त्याचे नव्हेत, वहिनी. दोन-चार भाऊनं हट्टानं स्वतः घेतलेले आहेत त्यात.

आई : कुठले?

दीर : मला सगळे सारखेच दिसतात हो. हिला विचारा.

आई : हा दोन पात्यांचा त्यांचा असेल. नाही, हा नसेल. मग हा बाकदार? या काळ्या मुठीच्यानं तर मी रोज सुतळ्या कापते, बोटाला सवय झालीय याची. हा त्यांचाच असणार.

लेक : आई, मला माहीत आहे कुठला कुणी घेतला ते. सांगू?

आई : नको.

लेक : अग, आत्ता तूच म्हणालीस ना, वेगळे काढायचेत?

आई : नको म्हटलं ना. सांगितलंस तर काढून टाकावे लागतील.