वाडीतलं एकच लायसन

जबाब देणार : मारुती कान्हू हिलम, वय ४७, धंदा ड्रायव्हिंग, राहणार नदीकाठची आदिवासीवाडी, ता. रोहा, जि. रायगड.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी जानी हिच्यासह राहतो. आमच्या वाडीत पिकअप गाडी एकच आहे. ती माझी विधवा बहीण पुतळी हिच्या नावावर आहे. गाडी चालवता येणारे चौघे आहेत. लायसन माझ्या एकट्याकडे आहे.

त्यामुळे गाडी कुणीही चालवो, पोलिसांनी अडवली की मला बोलावणं येतं आणि मी जाऊन "मीच चालवत होतो" म्हणतो. करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव, अशी माझी गत आहे. मागे असंच एकदा लायसन तीन महिने निलंबित झालं, तेव्हा मी मातीकामाला गेलो. पुतळीचा मुलगा प्रदीप याला लायसन काढ म्हणून सांगून मी थकलो. "मामा, तू हायस ना," असं तो म्हणतो. मला याचा कंटाळा आला आहे, हेही लिहून घ्यावं.

गेल्या महिन्यात १३ तारखेला, रविवारी, गागोदे बुद्रुक येथून भातलावणीच्या बाया घेऊन आम्ही परत येत होतो. सकाळची फेरी मी केली होती. कंबर धरली म्हणून येताना मी मागे हौद्यात झोपलो होतो. गाडी प्रदीप चालवत होता. सायंकाळी सहाच्या सुमारास पेणजवळ वाहतूक हवालदारांनी गाडी अडवली. प्रदीप मोबाईलवर बोलत होता, आणि मालाच्या गाडीत माणसं बसवलेली होती. प्रदीपने मागे येऊन मला हलवलं. "मामा, ऊठ, पुढं बस." मी उतरलो. कोण चालवत होता, असं हवालदारांनी विचारलं. मी म्हणालो, "मीच." ते म्हणाले, "हौद्यातून?" मी म्हणालो, "व्हय." बाया हसल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की?" मी नक्की म्हणालो. माझ्या डोळ्यांवरची झोपही गेली नव्हती.

आता लायसन का निलंबित करू नये, अशी आरटीओची नोटीस आली आहे. गणपती झाले की रोह्याला कंपनीच्या शिफ्टच्या बसवर मला काम मिळणार आहे. जन्मात पहिल्यांदा पगारी काम मिळतंय. लायसन चालू नसेल तर येऊ नकोस, असं ठेकेदाराने सांगितलं आहे. जानीने काल विचारलं, "या खेपेला तरी खरं सांगशील का नाय?"

खरं सांगितलं तर विनालायसन चालवल्याची केस प्रदीपवर आणि त्याला गाडी दिल्याची केस मालक म्हणून पुतळीवर होईल, हे मला समजावून सांगितलं आहे. ते मला समजलं. जिवाला बरं वाटत नाही. तरी सांगतो की, गाडी प्रदीप चालवत होता. मी चालवत नव्हतो.

पुतळी माझ्यासोबत आली असून बाहेर बाकावर बसली आहे. मी नेहमीसारखं "मीच" म्हणणार, असं ती धरून आहे. तिने माझ्यासाठी भाकरी बांधून आणली आहे. "दादा, लवकर आटप, मग दोघं जेवू," असं म्हणाली. आमचं जेवण होईपर्यंत तिला आत बोलावू नये, एवढी विनंती आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी बोललो तसाच लिहिला आहे, बरोबर आहे.

सही : मारुती का. हिलम