मुल्लैतीवूचा मयत इसम

लोणावळे पोलीस ठाणे, ता. २२ मे १९४२

माझे नाव रतनबाई भ्रतार महिपती जांभुळकर, वय ३६, धंदा शेती, राहणार वलवण, तालुका मावळ. फौजदारसाहेबांनी विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे :

महिपती जांभुळकर यांनी माझ्याविरुद्ध दिलेली फिर्याद मला वाचून दाखवली. सदर इसमाला मी ओळखते. माझे त्यांच्याशी लग्न झाले होते.

सन १९३१ साली ते एका मळेवाल्या साहेबाबरोबर लंकेला नोकरीस गेले. १९३६ च्या मार्गशीर्षात पत्र आले की, महिपती तापाने वारले. मी बांगड्या फोडल्या. सासूबाईंनी अन्न सोडले, त्या महिन्याभरात गेल्या. दोघांचेही दिवस मीच घातले.

दीड वर्षाने भुशीचा सोपान, साहेबाकडचा स्वयंपाकी, लंकेहून परतला. म्हणाला, "वैनी, महिपती जिता हाय. मुल्लैतीवूला म्या डोळ्यानं बघितला."

खात्री करावी म्हणून धाकटे दीर भिमाजी यांना घेऊन मी निघाले. पुणे, मद्रास, मंडपम. तेथे रोगराईच्या छावणीत सहा दिवस अडकवले, टोचले, कपड्यांना धुरी दिली. मग धनुष्कोडीहून बोट. बोटीत ओकाऱ्या झाल्या. पलीकडे पुन्हा आगगाडी, नंतर जंगलातून मोटार. शेवटी समुद्रकाठी मुल्लैतीवू गाव. नारळी, वाळू आणि वाळत घातलेली मासळी. एवढ्यासाठी माणूस मरतो, हे मला माहीत नव्हते.

सदर इसम खाटेवर बसून शहाळे पीत होते. पोट सुटले होते. आत एक बाई भात शिजवत होती. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हते. तिच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

मी विचारले, "पत्र कुणी लिवलं?"

ते म्हणाले, "मीच. तू वाट बघत बसशील म्हून. तुज्याच भल्यासाटी." मग म्हणाले, "आलीच हाईस तर दोन दिस ऱ्हा. समुद्र बघ."

आई गेल्याचे भिमाजींनी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मला कुणी कळवलं न्हाई."

मी पाणीही न घेता परतीच्या मोटारीत बसले. बोटीवर भिमाजी रडले. "वैनी, गावात काय सांगायचं?" मी म्हणाले, "पत्रात हाय तेच."

गेल्या महिन्यात लंकेवर बॉम्ब पडले. त्या बाईला तिथेच टाकून सदर इसम परवा दुपारी ट्रंक घेऊन माझ्या दारात आले. "घर माजं हाय, दार उघड," म्हणाले. मी उघडले नाही. भूक लागली म्हणाले, म्हणून खिडकीतून ओट्यावर भाकरी-कालवण ठेवले. दारी येईल त्याला ठेवते. त्यांनी खाल्ले आणि कालवण आळणी आहे म्हणाले.

त्यांना घरात घेण्यास तयार आहे काय, असे विचारले. नाही. घराचे जे व्हायचे ते कोर्टात होवो.

मी लाकडाने मारले, हा मजकूर खोटा आहे. ते ओट्यावरून आपणच घसरून पडले. शेजारीपाजारी हसले, हे खरे आहे. मारायचे तरी माणसाला हात लावावा लागतो. तेवढाही मी लावणार नाही.

हा जबाब मला ऐकवला. मी सांगितला तसाच उतरला आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, रतनबाई.