एकोणचाळीसनंतर बेचाळीस

रविना : ते पत्र मीच लिवलं होतं, राघोकाका. आठवीत होते. बाबा सांगत होता, मी लिवत होते.

राघो : अक्षर बघून वाटलं होतंच. कमळूला नुसती सही करायला दोन मिनिटं लागायची.

रविना : म्हणजे मिळालं होतं? बाबाला वाटतं पोस्टात हरवलं. तेरा वर्षं झाली, अजून पोस्टमन दिसला की विचारतो, किन्हवलीचं, राघोभाऊंचं, काय आहे का रे?

राघो : मिळालं होतं. तू चहा घे ना. निवतोय.

रविना : घेते. पण मी पुस्तकासाठी आले. गाडीचं. बाबा म्हणतो, निळ्या पुठ्ठ्याचं, इंग्रजी, तुमच्याकडंच राहिलं.

राघो : गाडी आहे अजून?

रविना : पडवीत. अपघातानंतर तुमी दुसऱ्याच्या हाती पाठवून दिलीत, तेव्हापासून ताडपत्रीखाली. सीट उंदरांनी खाल्ली. कार्बुरेटर मीच काढून धुतला, प्लग बदलले, ऑइल बदललं, सगळं मोबाईलवर बघून. परवा चालू झाली की! आवाज ऐकून बाबा धावत बाहेर आला. धावत म्हणजे आपलं त्याच्या चालीनं.

राघो : गुडघा अजून...

रविना : वाकत नाय. क्लच दाबायचा पाय ना तो. जीप चालवायचं काम सुटलं ते सुटलंच. आता मुरबाडला नर्सरीत रोपांना पाणी घालतो. ते जाऊ दे. मला ब्रेक बघायचेत, म्हणजे चाक काढायला लागणार. तर चाकाला हात लावू देत नाय! पाना उचलला की म्हणतो, नको गो, माझ्यासारखं करून बसशील. राघोभाऊंचं पुस्तक आण, मग बघू.

राघो : पुस्तक आता नसेल ग. बरीच पुस्तकं मी वाचनालयाला देऊन टाकली.

रविना : आणि तुमच्या मागं कपाटात ते निळं काय आहे?

(ती उठून पुस्तक काढते. त्यातून घडी घातलेला एक कागद खाली पडतो.)

रविना : माझंच पत्र! 'राघोभाऊंस, नट मीच सैल ठेवले. चूक माझ्या हाताची. सगळ्यांना तसंच सांगितलं आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. रविवारी या.' काका, ह्याला उत्तर लिवायला काय अवघड होतं? दोन ओळी.

राघो : सुरुवात केली होती. 'प्रिय कमळू' लिहिलं. मग वाटलं, प्रिय म्हणायला मी कोण? नुसतं 'कमळूस' लिहिलं. ते कोरडं वाटलं. फाडलं.

रविना : तेरा वर्षं मायन्यातच अडकलात?

राघो : हसू नको ग. पान एकोणचाळीस काढ.

रविना : काढलं. कडेला तेलाचा डाग आहे.

राघो : तो माझ्या बोटांचा. कमळू हात धुऊनसुद्धा पुस्तकाला शिवायचा नाही. आमची पद्धतच तशी होती. रविवारी गाडी आंब्याखाली लावायची. मी स्टुलावर बसून वाचायचो, मराठीत सांगायचो, आणि तो करायचा. मी सांगितल्याशिवाय पाना उचलायचा नाही. त्या दिवशी एकोणचाळीसवर होतो. चाक चढवलं, नट हातानं फिरवून बसवले. मी पान उलटलं. पानं तेलानं चिकटली होती, दोन एकदम उलटली. मी सरळ बेचाळीस वाचलं. 'पंख्याचा पट्टा तपासा.'

रविना : आणि चाळीसवर काय आहे?

राघो : वाच. आता सुटी आहेत पानं.

रविना : थांबा हां. जॅक उतरवा... चाक जमिनीला टेकलं की... समोरासमोरचे नट पुन्हा घट्ट आवळा. व्हिडिओत पण असंच दाखवतात.

राघो : त्यानं विचारलं होतं, रविना. 'भाऊ, नट?' म्हणाला. मी म्हटलं, 'पुस्तकात आता पट्टा आहे. आपण क्रमानं करू.' मला पानाचा आकडासुद्धा बघावासा वाटला नाही.

रविना : आणि बाबानं ऐकलं.

राघो : 'पुस्तकात आहे ते बरोबर' म्हणाला. दुपारी एकटाच डोळखांबकडे चक्कर मारायला गेला. वळणावर चाक निघालं.

रविना : तुमाला कधी कळलं?

राघो : आठ दिवसांनी. पानं नखानं सोडवली. दुसऱ्याच दिवशी हे पत्र आलं. त्यानं दोष आधीच अंगावर घेतला होता. मला काही करायचंच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. ते मला जमतं.

रविना : बाबा घरी काय करतो, म्हाईत आहे? गॅसचा रेग्युलेटर लावला की मला हाक मारतो. बाटलीचं झाकण लावलं तरी हाक. 'बघ गो, नीट बसलं का.' माझा हात खोटा, म्हणतो.

राघो : मला माहीत नव्हतं.

रविना : कसं असणार? रविवारी आला कुठं तुमी?

राघो : तू सांग त्याला. पुस्तक घेऊन जा, पानं दाखव.

रविना : मी नाय. तुमी लिवा.

राघो : मी सांगतो, तू लिही.

रविना : एकदा लिवलं मी, ते चुकीचं निघालं. आता तुमचं अक्षर पायजे.

राघो : शब्द सापडत नाहीत ग.

रविना : कपाटभर शब्द आहेत मागं. त्यातले चार काढा. कागद आहे ना?

राघो : हे आहे. आंतर्देशीय.

रविना : पार पिवळं पडलंय! कधीचं?

राघो : तेव्हाच आणलं होतं. तू जरा बाहेर बसशील? कोणी बघत असलं की मला लिहिता येत नाही.

रविना : बसते. पण दार उघडं ठेवा.

राघो : झालं लिहून, रविना. आत ये. वाचून दाखवू?

रविना : वाचा.

राघो : 'कमळू, नटांचं तू विचारलं होतंस. मीच पुढे चल म्हटलं. नट आवळायचं पुस्तकात होतं, माझ्याकडून पान सुटलं. तुझ्या हाताची चूक नव्हती. हे मला तेरा वर्षं माहीत आहे. रविवारी येऊ का? राघो.' यातलं 'तेरा वर्षं माहीत आहे' हे त्याला फार लागेल. तेवढं गाळू का?

रविना : पुन्हा गाळणार?

राघो : नको. राहू दे. तू घेऊन जातेस ना? संध्याकाळी त्याच्या हातात पडेल.

रविना : नाय. पोस्टानंच जाऊ दे. इतकी वर्षं पोस्टमनला विचारतोय, एकदा तरी त्याला 'आहे' म्हणू दे.

राघो : वाचून कोण दाखवणार?

रविना : मीच. एक ओळ सोडणार नाय. तवर चाकाला हात पण लावत नाय. चला, चपला घाला. पोस्ट चार पावलांवर आहे.

राघो : उद्या सकाळी टाकलं तर?

रविना : काका!

राघो : चल, चल.

रविना : हीच ना पेटी? टाका. काका, पत्र सोडा आता.

राघो : सोडलं. पडल्याचा आवाज आला ना?

रविना : आला.

राघो : पत्ता तू बघितला होतास ना ग? नीट होता?

रविना : बघितला, काका. नीट होता.