डावखुऱ्या सुनंदाचा गोल्फ सेट

ऑनलाइनचं म्हणाल तर आमची गंमत ऐका. बायको सुनंदा शाळेतनं रिटायर झाली आणि म्हणाली, "आता मी गोल्फ शिकणार." मी हौसेनं ऑनलाइन सेट मागवला. खोकं उघडलं तर सगळ्या स्टिक उजव्या हाताच्या, आणि सुनंदा पक्की डावखुरी! तिचं तोंड एवढंसं झालं.

खोकं घेऊन आम्ही गावातल्या गोल्फ क्लबातल्या दुकानात गेलो. दुकानदार बाबूराव तिच्या माहेरचे, नेसरीचे. मला वाटलं, ऑनलाइन घेतल्याबद्दल आता टोमणा बसणार. पण त्यांनी माळ्यावरनं डावखुरा सेट काढला. "ताई, गिऱ्हाईकच न्हाय. दुकान बंद करणार हुतो. मारून तर बघा!"

बाहेर मैदानात तिनं मारला, तर बॉल लांब हिरवळीवर गेला. सेट तिथंच घेतला.

"मग हा उजव्या हाताचा परत पाठवतो," मी म्हणालो.

"कशाला, दाजी? तुमी बी शिका की! मी शिकवतो."

आता बाबूरावांकडं शिकायला बरीच मंडळी येतात, दुकानही सुरू हाय. शिकायच्या पहिल्या दिवशी मी मात्र जोरात स्टिक फिरवली आणि ऐटीत लांब बघत राहिलो.

सुनंदा म्हणाली, "अहो, तिकडं काय बघताय? बॉल पायाशीच हाय!"