सांडूचा ब्रेकर, दगडाबाईचा ब्रेकर

"काकासाहेब, आमच्या शाळेपुढं ब्रेकर कधी होणार?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून एसटीच्या थांब्यावर मी सरपंचांना विचारलंच.

"होईल गं, ऋतुजा. वाळूजच्या कंपन्यांच्या बस लई वाढल्यात."

शेजारचे गयासचाचा हसले. "गावात दोनच ब्रेकर. एक सांडूचा, एक दगडाबाईचा."

"सांडूचा पाय बसखाली मोडला, तवा लगेच टाकला की!" सरपंच म्हणाले.

"और दगडाबाई?"

"ती गेली, तर दहाव्याच्या आत ब्रेकर तयार. आता काय पाहिजे?"

"मग शाळेपुढं कामून नाय?"

"तिथं अजून कुणी पडलं नाय ना, गयासभाई."

घरी येऊन मी आई-बाबांना सांगून टाकलं, "'ऋतुजाचा ब्रेकर' व्हायच्या आधी, उद्या आम्ही साऱ्या पोरी शाळेपुढं रस्त्यावर बसणार. सगळ्यात पुढं मी."